मैदानाचा सातबारा कोणाच्या नावावर?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दुधाचे दर, कांद्याची निर्यात आणि कालव्यांची आवर्तने हे रोजचे प्रश्न बाजूला सारून फुटबॉलच्या क्लबांची मालकी हा विषय आजच्या वर्गासाठी का घेतला, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. नगर जिल्हा हा फुटबॉलचा जिल्हा नव्हे. भिंगारच्या छावणीत लष्कराचे जवान चेंडू खेळतात आणि शहरातील काही शाळांनी हा खेळ टिकवून धरला आहे. पण खेड्यापाड्यात आजही राज्य आहे ते तालमीचे आणि कबड्डीचे. तरीही हा विषय येथे मांडण्यास सबळ कारण आहे. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न नावाच्या एका जुन्या गिरणीगावातील कामगारांची पोरे गेली पंधरा वर्षे आपल्या फुटबॉल क्लबच्या ज्या मालकांविरुद्ध घोषणा देत आहेत, ते मालक पुण्याचे आहेत, आणि त्यांचा धंदा कोंबड्यांचा आहे. संगमनेर-पारनेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये पिल्ले वाढविणाऱ्या शेतकऱ्याला हा धंदा नवा नाही. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे जागरण शेतकऱ्याचे. आणि बॅच गेल्यावर किलोमागे हातात पडेल ती रक्कम. या व्यवसायातील भांडवल मोठे होऊन सातासमुद्रापार जाते तेव्हा ते तेथे कसे वागते, हे पाहणे उद्बोधक आहे.

ब्लॅकबर्नचा आणि हिंदुस्थानचा संबंध मात्र या कोंबड्यांहून पुष्कळ जुना आहे. लँकेशायरमधील हे गाव मागावर जगले, आणि त्या मागांवर विणल्या जाणाऱ्या मालात हिंदुस्थानी गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या धोतरांचा वाटा फार मोठा होता. नगरच्या पद्मशाली विणकरांच्या हातमागाची जी दैना झाली, तिचा एक धागा त्या गिरण्यांपर्यंत पोचतो. पुढे स्वदेशीच्या चळवळीने आणि जागतिक मंदीने तेथील गिरण्या बंद पडू लागल्या. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन गावी मुद्दाम जाऊन राहिले. बेकार झालेल्या गिरणी कामगारांना ते भेटले. हिंदी खेड्यांतील दारिद्र्य याहून कितीतरी भीषण आहे, हे त्यांनी तेथे स्पष्टपणे सांगितले, आणि तरीही त्या स्त्री-कामगारांनी त्यांच्यासमवेत हसतमुखाने छायाचित्र काढून घेतले. ज्याच्या बहिष्कारामुळे आपली भाकरी गेली त्याचे असे स्वागत करणारी ही माणसे होती. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांच्या नगरात या प्रसंगाचा उल्लेख करताना अधिक विस्ताराची गरज नाही.

याच गावाने फुटबॉलच्या इतिहासात एक क्रांती केली आहे. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने इंग्लंडच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ओल्ड ईटोनियन्सचा २-१ असा पराभव केला. ईटन ही लाटसाहेबांच्या आणि मंत्र्यांच्या मुलांची शाळा. तोपर्यंत हा चषक अशाच सरदारी शाळांच्या किंवा लष्करी अधिकाऱ्यांच्या संघांकडे जात असे. ऑलिम्पिकच्या संघात विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडकाम करणारा होता, नळजोडणी करणारा होता. श्रमिकांनी हा चषक प्रथमच उत्तरेकडे नेला, आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही त्या सरदारी संघांकडे गेला नाही.

आता या विजयाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण आजच्या विषयाचे बीज तेथे आहे. ऑलिम्पिकच्या पाठीशीही एक धनिक होता. सिडनी येट्स हा लोखंडी ओतकामाच्या कारखान्याचा मालक. त्याने संघासाठी शंभर पौंड दिले, आणि त्या पैशांतून खेळाडूंना अंतिम सामन्याआधी ब्लॅकपूल येथे समुद्रकाठी नेऊन चांगले जेवण, विश्रांती आणि नियमित सराव यांची सोय करण्यात आली. बारा-बारा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला काय हवे असते, हे ज्याने ओळखले त्याचा पैसा कारणी लागला. वस्तादाच्या भाषेत सांगायचे तर त्याने खुराकाला पैसे दिले, इनामाला नव्हे. पण सहाच वर्षांनी, १८८९ साली, हा क्लब बंद पडला. गावातच ब्लॅकबर्न रोव्हर्स हा अधिक सधन क्लब १८७५ पासून उभा होता. खेळाडूंना पगार देण्यास १८८५ साली मान्यता मिळाली आणि ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, असा नवा न्याय सुरू झाला. तेव्हा धनिकाचा पैसा खेळात आला ही गोष्ट कालपरवाची आहे, आणि पूर्वी सारे निर्मळ होते, असा समज कार्यकर्त्यांनी करून घेऊ नये.

रोव्हर्सला पुढे शंभर वर्षांनी जॅक वॉकर भेटला. हा ब्लॅकबर्नचाच, पोलादाच्या व्यापारात गबर झालेला माणूस. १९९१ साली त्याने क्लब ताब्यात घेतला. त्याने खेळाडूंवर अतोनात पैसा ओतला, यात शंका नाही. १९९२ मध्ये ॲलन शिअररसाठी ३३ लाख पौंड आणि १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख पौंड, हे त्या काळी तेथील उच्चांक होते. १९९५ साली रोव्हर्सने इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. विकत घेतलेले विजेतेपद, असे त्याचे टीकाकार म्हणाले आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. परंतु या माणसाने त्याच वेळी ईवुड पार्क या मैदानाच्या तीन बाजूंचे कठडे नव्याने बांधले आणि ब्रॉकहॉल येथे सराव केंद्र व मुलांची प्रशाला उभी केली. २००० साली तो वारला. शिअरर त्याआधीच दुसरीकडे गेला होता, विजेतेपदही टिकले नाही. मैदान आणि प्रशाला मात्र राहिली.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी वॉकरच्या विश्वस्तांकडून हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांस विकत घेतला. शिवाय क्लबवरचे कर्जही अंगावर घेतले. त्यानंतरचा वृत्तांत सर्वश्रुत असला तरी त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. महिना पुरा होण्याच्या आत, १३ डिसेंबर रोजी, अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस याला काढण्यात आले. संघ तेव्हा वीसांत तेराव्या स्थानी होता, म्हणजे काही बुडत नव्हता. त्याच्या जागी ज्याने पूर्वी कधी कोठे व्यवस्थापक म्हणून काम केले नव्हते असा सहायक नेमला गेला. जानेवारीत ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला आणण्याची बोली लावली गेली. तो आला नाही. क्लबच्या खेळाडूंना पोशाखाच्या खोलीत बसवून कोंबडीचे तुकडे खाताना दाखविणारी दूरचित्रवाणीवरील जाहिरात मात्र आली. २०११ च्या ऑक्टोबरात संघाला पुण्यास आणून बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफ. सी.शी एक सामना खेळविण्यात आला आणि पाहुणे ३-० असे जिंकले. इकडे गावात संघ रसातळाला चालला होता. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबचे निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच दिवशी सर्वोच्च श्रेणीतून गच्छंती झाली. विलायती विनोदबुद्धीचे कौतुक करावयाचे तर करावे. पण ज्या प्रेक्षकाला सभेत मत नाही, भागधारक म्हणून हक्क नाही, त्याच्या हाती निषेधासाठी शेवटी एक कोंबडीच उरावी, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पुढच्या एका हंगामात क्लबने हंगामी धरून पाच व्यवस्थापक पाहिले. त्यांतील हेनिंग बर्ग हा ५७ दिवस टिकला. करार मोडल्याबद्दल त्याला २२ लाख ५० हजार पौंड द्यावेत, असा न्यायालयाचा निकाल २०१३ साली झाला. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला आणि तेथेच आहे.

मालकांना न्याय देणेही आवश्यक आहे. केवळ पुण्याचे म्हणून त्यांना शिव्या घालणाऱ्या गोऱ्या वृत्तपत्रांची री ओढण्याचे कारण नाही. त्या शिव्यांत वंशाचा दर्प पुष्कळदा डोकावत असे. या समूहाने आजवर त्या क्लबात २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे, आणि ती बव्हंशी बिनव्याजी कर्ज किंवा भागभांडवल म्हणून. क्लबमधून पैसा ओरपून नेल्याचा आरोप त्यांच्यावर टिकणारा नाही. मुलांची प्रशालाही त्यांनी बंद केली नाही. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि तेथेच शिकलेला ॲडम व्हॉर्टन हा पोरगा २०२४ मध्ये १ कोटी ८० लाख पौंडांना लंडनच्या क्लबकडे गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात दिसला, तो या प्रशालेतून. कंजूष मालकाचे हे उदाहरण नव्हे. येथे पैसा होता आणि तो खर्चही झाला. तरीही क्लब रोडावला आणि गाव दुरावले. म्हणून प्रश्न रकमेचा नाही. ती कशावर आणि कोणाच्या सल्ल्याने खर्च झाली, हा आहे.

सल्ला दलालांचा होता. गावाला कोणी विचारले नाही. खेळाडूंच्या विक्रीवर ज्यांची अडत ठरलेली, त्यांनाच कोणता माल घ्यावा हे विचारणे म्हणजे काय, हे नगरच्या बाजार समितीत कांदा घेऊन जाणाऱ्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि येथेच या गोष्टीतील खरी विसंगती आहे. या समूहाचे संस्थापक बी. व्ही. राव यांनी १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा आणि कोंबड्या पाळणाऱ्याने मुकाट्याने घ्यायचा, ही रीत मोडून उत्पादकांनी एकत्र येऊन आपला भाव आपण जाहीर करावा, हा त्या समितीचा गाभा होता. समितीच्या कारभाराविषयी मतभेद असतील, आहेतही. परंतु ज्याच्या श्रमावर धंदा चालतो त्याचा शब्द त्या धंद्यात चालला पाहिजे, हे तत्त्व समाजवाद्यांना परके वाटण्याजोगे नाही. त्याच घराण्याच्या हाती एक क्लब आला. ज्यांच्या तिकिटांवर, ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या निष्ठेवर तो सव्वाशेहून अधिक वर्षे उभा होता, त्यांना समितीतले साधे एक आसन देण्याचे मात्र सुचले नाही. अंड्याला जे लागू, ते माणसाला लागू नाही, असे थोडेच आहे!

२०२३ पासून या प्रकरणात आणखी एक गुंता झाला. समूहाविरुद्ध प्रवर्तन संचालनालयाची चौकशी चालू असल्याने ब्लॅकबर्नला पैसे पाठविण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, आणि जेवढी रक्कम पाठवायची तेवढीच बँक हमी द्यावी लागली. चौकशीच्या गुणदोषांचा निर्णय न्यायालये करतील. कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की लँकेशायरमधील एका गावचा संघ पुढच्या महिन्यात कोणास विकत घेऊ शकेल, हे दिल्लीतील एका तारखेवर अवलंबून राहिले. मालकाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या संस्थेचे हेच होते. मर्जी असली तरी वाट बंद होऊ शकते. २०२५ मध्ये याच क्लबने आपला महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला, कारण त्या श्रेणीच्या अटी पुऱ्या करण्यासाठी लागणारा खर्च करण्याची मालकांची तयारी नव्हती. ५७ दिवसांच्या व्यवस्थापकाला द्यावे लागलेले २२ लाख ५० हजार पौंड येथे पुन्हा आठवावेत.

आता आपल्याकडे वळू. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये नगर शहरात वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची ६७ वी स्पर्धा झाली. विजेत्याला मिळालेली थार गाडी सर्वांनी पाहिली. पंचाच्या निर्णयावरून झालेला गोंधळही पाहिला. गाडी जिंकणाऱ्या मल्लाविषयी असूया नाही. त्याने घाम गाळला आहे. पण यात्रेतील कुस्त्यांचा हगामा ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की गावातील नव्याने श्रीमंत झालेला माणूस शेवटच्या कुस्तीला मोठे इनाम लावतो, फेटा बांधून आखाड्यात उभा राहतो आणि त्याच गावच्या तालमीचे पत्रे पावसाळ्यात गळत असतात. हौद्यातील माती बदललेली नसते. पोरांना दूध कोणाच्या घरून येते, याची चौकशी कोणी करीत नाही. शेवटच्या कुस्तीचे इनाम बाहेरगावचा मल्ल घेऊन जातो. रोनाल्डिन्होची बोली आणि हे इनाम यांत तत्त्वतः भेद नाही.

खर्चाचा क्रम यातून आपोआप सुचतो. आधी जागा आणि छप्पर, मग खुराक, वस्ताद आणि दवाखाना, मग गावची मुले आणि मुलीही. बाहेरचा नामांकित गडी सर्वांत शेवटी, आणि तोही उरलेल्या पैशांतून. मैदानात गवत कापणाऱ्याचा, तिकिटे फाडणाऱ्याचा आणि पोशाख धुणाऱ्या बाईचा पगार हा तर खर्चाच्या क्रमात मोजायचाच नाही, ते कर्तव्य आहे. दिलेली रक्कम कर्ज आहे की देणगी, हे पहिल्या दिवशी कागदावर हवे, कारण कर्जाऊ औदार्य मालक जाताना क्लबच्या गळ्यात धोंडा होऊन बसते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात धनिकांचे क्लब कसे आले नि गेले, याची जंत्री लांबलचक आहे. थोडक्यात सांगितलेली बरी. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ कंपनीच्या एका निर्णयाने २०१० साली संपला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफ. सी. २००७ मध्ये आला आणि २०१५ मध्ये गेला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. जेमतेम एक हंगाम खेळला. शिवाजीयन्स हा पुण्यातील स्थानिक क्लब डी. एस. कुलकर्णी समूहाने आपल्या नावाखाली घेतला, विलायती लिव्हरपूलशी हातमिळवणी करून प्रशाला काढली. २०१७ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात समूहप्रमुखांना अटक झाली. वाधवान समूहाचा एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत चार क्लब, आणि आज पुण्याचा एकही संघ सर्वोच्च साखळीत नाही. गोव्यात खाणमालकांनी धेंपो आणि साळगावकर हे संघ पोसले. त्यांनी देशाची विजेतेपदे जिंकली, यात धेंपोची पाच आहेत. पण २०१६ साली नव्या फ्रँचायझी-व्यवस्थेशी न पटल्याने दोघेही राष्ट्रीय साखळीतून बाजूला झाले. धेंपो पुढे काही वर्षांनी परतला.

मुंबईचे उदाहरण यांहून मोठे. २०१९ च्या नोव्हेंबरात अबूधाबीच्या पैशावर उभ्या असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने मुंबई सिटी एफ. सी.चे ६५ टक्के भाग घेतले. मँचेस्टरचा जो क्लब २००८ साली अबूधाबीने घेतला, त्याचीच ही धाकटी पाती. मुंबईने २०२०-२१ मध्ये दोन्ही किताब जिंकले, नंतरही जिंकले. मग अखिल भारतीय महासंघ आणि साखळीचे व्यापारी हक्क घेणारी कंपनी यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपला, साखळीचे भवितव्य अधांतरी झाले आणि त्याच महिन्यात या समूहाने आपला हिस्सा मूळ मालकांकडे परत करून काढता पाय घेतला. जगातील अतिशय धनाढ्य मालकांपैकी एक सहा वर्षांत निघून गेला. ज्या शहरात मुलांना खेळायला मोकळी मैदाने उरली नाहीत, तेथे मागे काय राहिले, याचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे.

नगर जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. चेंडूऐवजी येथे जमीन होती. बेलापूर कंपनीसारख्या खासगी साखर कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवरील शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. कंपनीने ऊस पिकविला, शेतकरी स्वतःच्या रानात मजूर झाला. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळू लागायला २०१२ साल उजाडले. तीन पिढ्या गेल्या. हा लढा लाल बावट्याच्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी लढविला, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. एकदा सातबारा हातचा गेला की तो परत आणण्यास किती वर्षे लागतात, याचे याहून ठळक उदाहरण शोधायला विलायतेस जावे लागत नाही.

त्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांनी अर्थशास्त्र दिले आणि १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एक. जर्मनीतील फुटबॉल क्लबांनी १९९८ पासून जो नियम ठेवला आहे, त्याचा अर्थ जवळजवळ हाच: क्लबच्या कंपनीत कितीही भांडवलदार आले तरी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडेच राहतील. लेव्हरकुसेन-वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद आहेत, लाइपझिगमध्ये तर नियमाला बगल दिली गेली. तरीही तेथील तिकिटे श्रमिकाच्या आवाक्यात राहिली आहेत आणि उभे राहून सामना पाहण्याच्या जागा अजून शाबूत आहेत.

पण सहकार म्हणजे सर्व रोगांवर मात्रा, असे म्हणणे याच जिल्ह्यात तरी शोभणार नाही. एका सभासदास एक मत असूनही अध्यक्षपद एकाच वाड्यात पिढ्यान्पिढ्या कसे राहते, हे येथे सर्वांनी पाहिले आहे. पारनेरचा सहकारी कारखाना कर्जापायी बँकेने विकला आणि तो खासगी कंपनीकडे गेला, तेव्हा हजारो सभासदांच्या हाती भागाचे कागद तेवढे उरले. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथचा क्लब धनिक मालकांच्या हातून दोनदा दिवाळखोरीत गेला, २०१३ साली प्रेक्षकांनी वर्गणी काढून तो सोडविला, चार वर्षे नेकीने चालविला, आणि २०१७ मध्ये त्याच प्रेक्षकांनी बहुमताने तो एका अमेरिकन धनिकाला विकला. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. वरच्या श्रेणीची स्वप्ने वर्गणीवर पुरी होत नाहीत, असे त्यांना वाटले. परंतु त्यांनी तो मत देऊन घेतला, नव्या मालकाकडून आश्वासने घेऊन घेतला. ब्लॅकबर्नच्या माणसांना एवढेही मिळाले नाही. बंगालमध्ये मोहन बागानच्या समर्थकांनीही हेच दाखविले: २०२० साली गोएंका समूहाकडे ८० टक्के मालकी गेल्यावर क्लबच्या नावापुढे लागलेली तीन अक्षरे काढण्यासाठी ते तीन वर्षे झगडले, आणि २०२३ मध्ये ती निघाली. मालकी परत आली नाही, नाव आले.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. २०२१ साली ब्लॅकबर्नच्या मोठ्या संघाचे सराव केंद्र क्लबकडून मालकांच्याच कंपनीकडे गेले. कारण हिशेबाचे होते: दुसऱ्या श्रेणीतील क्लबला तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखविण्यास मनाई आहे, आणि मालमत्ता विकली की तोटा कागदावर कमी दिसतो. एका खिशातून दुसऱ्या खिशात, असे कोणी म्हणेल. पण पहिला खिसा गावाचा होता. शेफील्ड वेन्सडे या क्लबचे मैदान अशाच रीतीने मालकाच्या वेगळ्या कंपनीकडे गेले होते. २०२५ मध्ये तेथे खेळाडूंचे आणि नोकरांचे पगार रखडले, ऑक्टोबरात क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि बारा गुण कापले गेले. तेव्हा ज्या मैदानावर सव्वाशे वर्षे खेळले गेले ते नेमके कोणाचे, येथून वाटाघाटींना सुरुवात करावी लागली. ब्रिटिश पार्लमेंटने २०२५ च्या जुलैत कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियंत्रक नेमण्याची तरतूद केली: मालकाची पात्रता तो तपासील, आणि मैदान विकणे, नाव किंवा रंग बदलणे मालकाच्या एकट्याच्या लहरीवर राहणार नाही. सरकारे बदलली तरी हा कायदा झाला, यामागे हजारो प्रेक्षकांच्या स्थानिक संघटनांचे वीस वर्षांचे काम आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जिल्ह्यात कबड्डीच्या संघांना, तालमींना, क्रिकेटच्या मंडळांना पुरस्कर्ते मिळू लागले आहेत. निवडणुकीच्या वर्षी तर ते आपणहून येतात. त्यांना हाकलून द्यावे, असे येथे कोणी सुचवीत नाही. मात्र मंडळाच्या बैठकीत पक्षाच्या कार्यकर्त्याने उठून काही गोष्टी विचारल्या पाहिजेत. तालमीची जागा कोणाच्या नावावर आहे आणि ती तशीच राहील काय. पैसा देणगी आहे की उसना. मंडळाच्या घटनेत सभासदाचे मत राहते की पुरस्कर्त्याच्या नेमणुकीचे विश्वस्त येतात. मुलींच्या सरावाची वेळ आणि वस्ताद यांसाठी किती रक्कम बाजूला काढली. उत्तरे तोंडी घेऊ नयेत, इतिवृत्तात लिहून घ्यावीत. आणि बैठकीस जाण्यापूर्वी तलाठ्याकडून सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून न्यावा. गावठाणातील तालीम असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठची नक्कल मागावी, कारण अनेक गावांत तालमीची नोंद कोठेच केलेली नसते, आणि यात्रेचे दिवस आता फार लांब नाहीत.